साडूंच्या पेटीचं झाकण

आमच्या साडूंना आजवर एकही वस्तू बिघडवता आलेली नाही, आणि त्यांच्याविषयी माझ्या पोटात जे काही दुखतं ते एवढ्या एकाच कारणानं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दहावीला दोनदा बसले, दोन्ही वेळा गणितात आपटले आणि मग नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर जे चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण सासुरवाडीला मिक्सर थांबला, बोअरची मोटर बसली, की सासूबाई मी समोर हजर असताना म्हणणार, "ऱ्हाऊ द्या, धाकले जावई आले की बघत्याल."

साडू कुठलीही वस्तू डोळ्यांनी नाही, कानांनी तपासतात. जन्मभर मशीनच्या खडखडाटात काढलेला माणूस खरं तर बहिरा व्हायचा. यांना शेजारच्या घरातल्या पंख्याचं बेअरिंग ऐकू येतं. कलिंगड घेताना कान, स्कूटर घेताना कान, नवीन सून बघायला गेले तेव्हा पाहुण्यांच्या फ्रीजला कान. एकदा दिवाळीत सासूबाई पाटावरून उठल्या तर हे ओसरीवरूनच म्हणाले, "आई, गुडघा झिजला न्हाई, वंगण कमी हाय." पुढे नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढून नेमकं तेच सांगितलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गेल्या थंडीत शेवगावजवळच्या आमच्या सासुरवाडीत मुंगसानं सासूबाईंची कोंबडी मारली. ही काही साधी कोंबडी नव्हती. सासूबाईंनी लग्नानंतर माहेराहून एक कोंबडी आणली होती, तिची लेक, मग तिची लेक, असा तो वाण इतकी वर्षं अंगणात टिकला होता. आता मागे उरली टोपलीतली नऊ अंडी, आणि त्यांच्यावर बसेल अशी खुडूक कोंबडी गावात कुणाकडे नव्हती. कोंबडीच्या अंड्याची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. मी हात पुढे केला. सासूबाईंनी भुशात घातलेली टोपली माझ्या हातावरून नेऊन साडूंच्या मांडीवर ठेवली. "माज्या म्हायेरचा वाण हाय, जावईबापू. जपा."

साडूंनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा, थर्मामीटर आणि पाण्याची वाटी बसवून उबवणीची पेटी केली. आम्ही दोघं नगरला एकाच कॉलनीत राहतो, तेव्हा मी रोज चार वाजता तिकडे जायला लागलो. मी गेलो की साडू स्वतः चहा ठेवायला आत जात, कारण मेव्हणीचा चहा त्यांना 'कच्चा' ऐकू येतो. तेवढ्यात मी झाकण उचलायचो. एकेक अंडं हातात घेऊन फिरवायचो, मोबाईलच्या उजेडावर धरायचो, काही खोट सापडते का बघायचो. चांगला पाव तास जायचा. पेटी अशी उघडी टाकली की आतली ऊब जाते आणि पिल्लं रखडतात, हे मी पोरांना शिकवलेलं आहे. खोटं कशाला बोलू? त्या अंड्यांतून पिल्लं निघू नयेत असंच मला वाटत होतं.

एकविसावा दिवस आला आणि गेला. अंडी ढिम्म. साडूंनी आरोपी शोधायला सुरुवात केली. पहिला संशय थर्मामीटरवर. मी गेलो तेव्हा एका काखेत पेटीतला आणि दुसऱ्या काखेत डॉक्टरी थर्मामीटर धरून ते पुतळ्यासारखे बसले होते. दोन्ही बरोबर निघाले. मग बल्ब बदलला, वाटी मोठी केली, टोपलीत अंडी फार दिवस राहिली होती का, याचीही चौकशी झाली. निवृत्त होताना मिळालेली शाल, जी त्यांनी मुलाच्या लग्नातसुद्धा बाहेर काढली नव्हती, ती पेटीला गुंडाळली. सगळ्यांवर संशय घेतला, मला सोडून.

बाविसाव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, मी तिथंच होतो. "निगाली का वो पिल्लं?"

साडूंनी फोन बाजूला धरून पेटीला एकदा कान लावला. मग म्हणाले, "न्हाई आई. माज्याच हातनं कायतरी बिगाडलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी तीस वर्षं टपलो होतो. ऐकलं, आणि बसल्या जागी शरमेनं माझे कान तापले. फोन ठेवून साडू पेटीजवळ मांडी घालून बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावनं, आजपास्नं चहा तुमी ठिवा. मी हितंच बसतो."

मी स्वयंपाकघरात गेलो. गॅस पेटवतोय तोच बाहेर साडूंनी शाल नीट करताना झाकण जरासं सरकलं आणि थर्माकोलचा 'किर्र' आवाज मला भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आला. मला! मग त्या माणसाला रोज काय काय ऐकू गेलं असेल? माझ्या हातून दूध उतू गेलं.

तेविसाव्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. "पावनं, कान लावा." मी शालीला कान लावला. आत कुणीतरी चिवचिवत होतं. संध्याकाळपर्यंत सहा पिल्लं निघाली. सहावं फार रखडून, कवचाला चिकटून आलं, त्याचा एक पाय वाकडा राहिला. साडू फोनवर ओरडून सांगत होते, "आई, थोरल्या पावन्यांचं रोज ध्यान हुतं, म्हनून झालं बगा!"

पुढे मेव्हणीनं माझ्या बायकोला सांगितलं. साडूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मेव्हणीनं त्यांना 'मग बोलत का नाही' म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आईनं टोपली त्यास्नी दिली न्हाई. त्यास्नीबी वाटत आसंल की हातात घ्यावंसं."

पाच पिल्लं सासूबाईंच्या अंगणात गेली. ते सहावं मी मागून घेतलं. एवढी चांगली सोडून हे लंगडं कशाला, म्हणून सासूबाई अजून विचारतात. आता त्या पिल्लाची चांगली मोठी कोंबडी झाली आहे. साडू चहाला आले की ती एक पाय ओढत त्यांच्याकडे जाते. ते तिच्या पाठीवरून हात फिरवतात, मान तिरकी करून तिची चाल ऐकतात आणि म्हणतात, "झ्याक चाललीय की वो, पावनं!" मी लगेच चहा ठेवायला उठतो.