विलायतेच्या म्हातारीची तारीख

चारशे वर्षांपूर्वीच्या निकालानं ज्याचा रक्तदाब चढतो असा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. निमगाव केतकीचे आमचे तात्या. कोर्टात बेलीफ म्हणून घरोघरी जप्त्या करण्यात जन्म काढून निवृत्त झाले, तेव्हा विलायतेत नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना करमणूक म्हणून एक सीडी पाठवली. तिकडच्या कुठल्याशा जिल्ह्याच्या कोर्टाचं जुनं दफ्तर तिच्यात भरलेलं होतं. बारामतीत तेव्हा माझा कॉम्प्युटर क्लास होता. तात्या दर आठवड्याला एस.टी.नं येत, चपला दाराबाहेर काढत आणि कडक इस्त्रीची टोपी सावरून पडद्यासमोर बसत; अडलेलं इंग्रजी मी उलगडून सांगे. हुकमाचा मजकूर आला की मात्र ताडकन उभे राहत. "हुकूम बसून वाचायचा नसतो," म्हणत.

मग धक्के सुरू होत. "अरारारा!" अशी आरोळी आली की टायपिंग करणारी पोरं दचकून बोटं आखडून घेत. भीक मागितली म्हणून एका बाईला उघड्या पाठीवर फटके मारल्याचं वाचलं, त्या दिवशी तात्यांनी चहाला हात लावला नाही. तिकडच्या गावच्या शिपायाला पगारच नव्हता, हे कळलं तेव्हा तर ते घामाघूम झाले. "बिनपगारी जप्ती करायची? येडा का खुळा म्हणायचा ह्यो!" कायदा शिकावा तर साहेबाकडून, असं जन्मभर मानलेला माणूस तो. साहेबाच्या खापरपणज्यानं आपल्याच माणसांची ही दशा केलेली त्यांना पचेना.

सगळ्यात मोठा धक्का दिला तो ॲग्नेस नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेनं. गावच्या पडीक जागेत तिनं खोपट बांधलं होतं. खोपटाला चार एकर जमीन जोडलेली नसेल तर ते पाडा, असा तेव्हाचा कायदा. "चार एकर असती तर खोपटात कशाला ऱ्हायली असती ती?" तात्या माझ्यावरच खेकसले. जसा काही कायदा मीच केला होता! म्हातारीनं दयेचा अर्ज केला, सुनावणी पुढच्या बैठकीत ठरली आणि सीडी संपली.

तात्यांनी मुलाकडे दुसरी सीडी मागितली आणि तोवर केस गावच्या बाजारात नेली. कांदेवाली विचारायची, "तात्या, म्हातारीची तारीख कवा हाय?" न्हाव्याचं मत पडलं, की वकील बदलावा. लाज वाटते सांगायला, पण शिकवता शिकवता माझ्याही मनात ते खोपट यायचं.

दुसरी सीडी आली. त्या बैठकीची पानं ओल लागून नष्ट झाली, एवढीच एक ओळ होती.  तात्या उठले आणि चपला घालून निघाले.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम निमगावला गेलो. कांदेवालीनं विचारलंच. तात्या म्हणाले, "सुटली की! मरस्तवर घर तिचंच." बाईनं आनंदानं त्यांच्या पिशवीत दोन कांदे वर टाकले. मी थक्क झालो. कोर्टाच्या कागदावर खोटा शब्द कधी न लिहिलेले तात्या भर बाजारात धडधडीत खोटं बोलत होते!

बाजूला घेऊन विचारलं, तर त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "आरं, हुकूम हाय म्हणून किती बायांची भांडी म्या ह्या हातानं भाईर मांडली. कळंबच्या एका म्हातारीनं तर चुलीवरचा तवा माझ्या हातात दिला. म्हनली, ह्यो तेवढा ऱ्हायलाय, न्या. एकीला तरी घरात बसू दे की रं."

 तात्या मागं वळले, पिशवीतले ते दोन कांदे काढून ढिगावर ठेवले आणि कांदेवालीला म्हणाले, "म्हातारीच्या नावानं कुणाला तरी दे बाय. मला न्हाय पचायचे."