कंडम मशीनसाठी स्थळ

सरकारी दवाखान्यात वस्तू मरत नाहीत, कंडम होतात. मरायला निदान दुखणं तरी लागतं. कंडम व्हायला साहेबाची एक सही पुरते. नांदेडच्या एका दवाखान्यातली थोरली एक्स-रे मशीन शहाऐंशी सालच्या जानेवारीत अशीच कंडम झाली. मुंबईहून नवी कोरी मशीन आली होती आणि तिला जागा हवी होती. जुनीला धडधाकट म्हटलं असतं तर नवी मागवलीच कशाला, असं वरून कुणीतरी विचारलं असतं. म्हणून साहेबांनी लिहून टाकलं, 'दुरुस्तीपलीकडे'. त्याच दिवशी सकाळी त्या दुरुस्तीपलीकडच्या मशीननं अकरा फोटो काढले होते, आणि अकराही फिल्मा मारोती सोनकांबळेनं आपल्या हातानं धुतल्या होत्या.

मारोती डार्करूमचा माणूस. चोवीस वर्षं अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्मा धुऊन त्याची नखं तपकिरी झाली होती आणि जीभ तिखट. जन्म छप्पन्नच्या आधीचा, म्हणून नाव मारोती. पुढं घरदार बौद्ध झालं, देव्हारा गेला, शाळेच्या दाखल्यावरचं नाव तेवढं राहून गेलं. जगात फिल्म धुणारे आणि नुसते फिल्म बघणारे एवढेच लोक असतात, असं त्याचं मत होतं, आणि बघणाऱ्यांबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून हाडाबद्दल ऐटीत बोलायचे. ते हाड इतकं लख्ख दिसतंय कारण कुणीतरी ती फिल्म अर्धा तास वाहत्या पाण्यात धरून उभं होतं, हे एकाही डॉक्टरच्या गावी नव्हतं.

हुकूम असा होता की मार्चअखेरपर्यंत दुसऱ्या एखाद्या सरकारी दवाखान्यानं मशीन मागितली तर द्यावी, नाही तर भंगारात लिलाव. भंगारवाला जानेवारीतच येऊन टेपनं माप घेऊन गेला. "तांब्याची तार किती निघंल हिच्यातनं?" असं त्यानं मारोतीलाच विचारलं. मारोतीनं त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवला आणि त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. आता मशीनसाठी स्थळ बघायचं होतं, आणि एक स्थळ त्याच्या मनात आधीपासूनच होतं.

जळकोटच्या अलीकडं धामणदरा नावाचं त्याचं गाव. तिथं थोरली बहीण सरजाबाई राहायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, तेव्हा दरडीचा धोंडा तिच्या मांडीवर आला. फोटो काढायची सोय जवळपास नव्हती. डॉक्टरनं हातानं चाचपून "सरळ हाय" म्हटलं आणि कामट्या बांधल्या. हाड वाकडं जुळलं, पाय दोन बोटं आखूड झाला. मारोती त्या वेळी नांदेडात दुनियेची हाडं धुऊन स्वच्छ करत होता, आणि बहिणीच्या हाडाची बातमी त्याला आठव्या दिवशी पोस्टकार्डानं कळली. त्याबद्दल त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही. आता त्याच धामणदऱ्यात ग्रामीण रुग्णालय झालं होतं. एका खोलीवर 'क्ष-किरण विभाग' अशी पाटी होती, आत सिमेंटच्या गोण्या आणि मागच्या निवडणुकीचे फलक होते.

धामणदरा आता लातूर जिल्ह्यात, म्हणून अहमदपूरला एस.टी. बदलून तो लातूरच्या आरोग्य कचेरीत गेला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, पण कचेरीतल्या माणसांच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. शेषेराव नावाच्या कारकुनानं कागद वाचला आणि नाक मुरडलं.

"आपला नवा जिल्हा हाय, सोनकांबळे. नांदेडवाल्यांनी नेसून टाकलेलं लुगडं आपण कशापायी नेसायचं?"

"मग नवं कवा येणार?"

"मागणी गेलीय की वर."

"कवा गेली?"

"जिल्हा झाला तवाच."

म्हणजे चार वर्षं जिल्हा उघडा फिरत होता, पण मानानं. मारोतीनं तिथल्या तिथं हात जोडले आणि बाहेर येऊन पायरीवर थुंकला.

दुसरी स्थळंही त्यानं बघितली, नाही असं नाही. एका दवाखान्यात थ्री-फेज वीजच नव्हती. एका ठिकाणी मशीन आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली असती, आणि चौकटीचं उद्घाटन मागच्याच महिन्यात झालं होतं, म्हणून डॉक्टर तयार होईना. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि मशीनबरोबर जीप मिळेल का, असं विचारलं. मुलीचं लग्न जमवणारा बापही इतके जोडे झिजवत नसेल.

शेवटी तो धामणदऱ्याचा सरपंच अण्णाराव याच्या बैठकीत जाऊन उभा राहिला. ऐंशी एकर जमीन आणि नव्या जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या समित्यांवर नाव, असा हा माणूस. मशीन काय कामाची, हे त्यानं विचारलं नाही.

"उद्घाटनाला मोठी दिसंल का रे मारोत्या?"

"दहा क्विंटल वजन हाय."

"मग आणू की!"

आठ दिवसांत अण्णारावचं पत्र लातूरला गेलं आणि शेषेरावला ते नेसून टाकलेलं लुगडं एकदम पैठणी वाटायला लागलं. मागणीच्या अर्जात एकच अडचणीचा रकाना होता, बारमाही पाण्याची सोय. फिल्म धुवायला पाणी लागतं, एवढी अक्कल तो रकाना छापणाऱ्याला होती. अण्णारावनं मान वर न करता लिहिलं, 'गावविहीर, बारमाही'. त्या फेब्रुवारीत गावविहिरीचा तळ उघडा पडला होता आणि पोरं आत उतरून वाट्यांनी गढूळ पाणी भरत होती. मारोतीनं तो रकाना वाचला. मशीन हातची जाईल म्हणून तो गप्प बसला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मशीन ट्रकमधून धामणदऱ्यात उतरली, आणि ती बसवून चालवून द्यायला तात्पुरता म्हणून मारोतीही. पारावरच्यांनी टाळ्या पिटल्या. "मारोतीनं डोंगर आणला रे!" मारोती मनात म्हणाला, त्या मारोतीचं बरं होतं, त्याला डोंगर उचलताना कुणी तीन प्रतींत अर्ज मागितला नव्हता. गिरणीच्या लाइनवरून वीज ओढली, मशीन जोडली, बटण दाबलं. म्हातारी गुरगुरली आणि चालू झाली.

उद्घाटनाच्या दिवशी दवाखान्याच्या वाट्याचा पाण्याचा टँकर आला. पाहुण्यांच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून अण्णारावनं तो अख्खा टँकर मैदानावर शिंपून टाकला. माणसं घोटभर पाण्याला महाग झाली होती आणि हा गडी भुईला अंघोळ घालत होता. पाहुणे तीन तास उशिरा आले, तोवर भुई वाळून पुन्हा धूळ उडायला लागली होती. मग फोटो काढायच्या टेबलावर नारळ फोडला, मशीनच्या तोंडाला कुंकू फासलं, आणि पहिला फोटो सरपंचांच्या छातीचा काढायचं ठरलं. अण्णारावनं सदरा काढला, बनियन काढलं. गळ्यातली सोन्याची साखळी काही काढेना.

"साखळी फोटोत येईल," मारोती म्हणाला.

"येऊ दे की. खरी हाय."

फिल्म घेऊन मारोती अंधाऱ्या खोलीत शिरला तेव्हा टँकरच्या बुडाशी राहिलेलं एक बादली पाणी त्याच्यासमोर होतं. तेवढ्यात दारात सरजाबाई आली, लंगडत, काखेत घागर आणि डोक्यावर घागर. दोन्ही वस्तीच्या विहिरीवरून भरलेल्या.

त्या विहिरीची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि सांगत कुणी नव्हतं. बहात्तर साली गावविहिरीवर बौद्ध वस्तीला सगळ्यांच्या शेवटी या म्हणून सांगितलं गेलं, आणि शेवटी म्हणजे चिखल उरेल तेव्हा. मग वस्तीतल्या बायाबापड्यांनी दिवसभर खडी फोडून सांजच्याला ओढ्याकाठी स्वतः विहीर खोदली. बत्तीस फूट. ती तेव्हापासून आटली नव्हती, आणि ग्रामपंचायतीच्या दफ्तरात ती आजवर नव्हतीच.

"कुठलं पाणी ते?" सदऱ्याची बटणं लावत अण्णारावनं विचारलं.

"आमच्या हिरीचं," सरजाबाई म्हणाली.

"माझ्या फोटूला नको ते. बादलीत भागव मारोत्या."

"अर्धा तास धुवावं लागतंय, सरपंच. न्हाई तर टिकत न्हाई."

"भागव म्हनलं ना."

मारोतीनं भागवलं. फिल्म बादलीत दोनदा बुचकळली आणि वाळत टाकली. सरजाबाई दोन्ही घागरी तशाच भरलेल्या घेऊन लंगडत परत गेली. मारोतीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. अण्णारावनं फिल्मला लाकडी चौकट करून घेतली आणि बैठकीत लावली. आल्यागेल्याला तो फासळ्यांवरची साखळी बोट ठेवून दाखवायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेषेराव एका इंजिनिअरला घेऊन तपासणीला आला. वस्तीचं पाणी सरपंचांनी दवाखान्यात येऊ दिलं नव्हतं आणि दुसरं धुवायला पाणी नाही, म्हणून सात रोग्यांच्या फिल्मा वाया गेल्या होत्या. इंजिनिअरनं गावविहिरीत डोकावून बघितलं, मग अर्जातल्या 'बारमाही' या शब्दाकडं बघितलं, आणि लिहिलं की आठ दिवसांत पाणी न दिसल्यास मशीन नांदेडला परत. मार्च उलटला होता. नांदेडला परत म्हणजे थेट भंगारवाल्याच्या टेपखाली.

मारोतीनं बहिणीला सगळं सांगितलं, त्या रकान्यापुढं आपण गप्प बसलो तेसुद्धा.

"लई शहाणा तू," सरजाबाई म्हणाली. "सरपंचाला येड्यात काढून राहिला आन् साथ त्याच्याच खोट्याला दिली. येऊ दे त्याला."

तो आला. इज्जतीचा सवाल होता. साऱ्या जिल्ह्यात छातीचा फोटो दाखवून झाला होता आणि आता मशीन ट्रकवर चढताना लोक हसले असते. वस्तीत शिरून सरजाबाईच्या अंगणात तो उभा राहिला. तिनं बाज टाकली, तरी बसला नाही.

"पाणी द्या, सरजाबाई. गावाचं काम हाय."

"द्यायचं की. पाण्याला कुणी न्हाई म्हनतं व्हय? पर कागदावर गावची हीर लिव्हलीय नव्हं, ती खोडा. आमची लिव्हा."

"कागदाचं काय एवढं?"

"तुमाला काय न्हाई ना? मग लिव्हा की."

मारोतीनं अर्जाची दवाखान्यातली प्रत पुढं केली. अण्णारावनं 'गावविहीर, बारमाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'बौद्ध वस्तीची विहीर, बारमाही'. ऐंशी एकराचा धनी, पण त्या चार शब्दांना त्याला पहिलीतल्या पोरापेक्षा जास्त वेळ लागला. मशीन राहिली. दवाखान्यात नियम झाला की ज्याचा फोटो, त्याच्या माणसानं वस्तीच्या विहिरीवरून दोन घागरी पाणी आणायचं.

त्या पाण्यात धुतलेली पहिली फिल्म सरजाबाईच्या मांडीची. मारोतीनं घड्याळ लावून अर्धा तास घागरीतून धार धरली, थेंब सांडू दिला नाही. फिल्म इतकी स्वच्छ निघाली की हाडाचा कण अन् कण दिसत होता. डॉक्टर बघून म्हणाले, "मावशी, आता काही करता यायचं नाही. तेव्हा एक फोटो निघाला असता तर..."

"ते ठावं हाय मला. मला बघू तर द्या."

तिनं फिल्म खिडकीला धरली. हाड जिथं चुकून जुळलं होतं तिथं बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

"एवढंसंच हुतं व्हय रे?" तिनं विचारलं.

मारोती अंधाऱ्या खोलीत जाऊन एकटाच रडला.

पुढं तो विनंती अर्ज करून धामणदऱ्यालाच बदलून आला. दिवाळीपर्यंत अण्णारावची फिल्म चौकटीतल्या चौकटीत तपकिरी पडली. आधी फासळ्या गेल्या, मग सगळी छाती गेली, साखळीचा तेवढा पुसट माग राहिला. आणि दिवाळीनंतर अण्णारावला खोकला लागला. महिना झाला तरी हटेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, फोटो काढा. तो चौकट काखेत मारून आला.

"ह्यात काय दिसत न्हाई गा, मारोती." मारोत्याचा मारोती झाला होता. "दुसरा काढ. चांगला धू."

"धुतो की. दोन घागरी आणा."

पोरं लातूरला, गडी ऊसतोडीला गेलेले, बायको माहेरी. अण्णारावनं इकडंतिकडं बघितलं. बाकावर बसलेले रोगी त्याच्याकडंच बघत होते. खोकत खोकत त्यानं कोपऱ्यातल्या दोन घागरी उचलल्या आणि ओढ्याची वाट धरली. मारोती दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. तिथून विहीर स्पष्ट दिसायची.

काठावर सरजाबाई होती. तिनं त्याला येताना बघितलं, वाट दिली, आणि दोरासकट पोहरा त्याच्यापुढं धरला. तो हात मागं घेऊन तसाच उभा.

"ओढा, सरपंच," ती म्हणाली. "मला मांडीनं वाकवत न्हाई."