इंजिनातला फरदडीचा कापूस

माघातला पहिला रविवार. हजर: मी, नवरा, सासूबाई, वरोऱ्याहून आलेले मिस्त्री भाऊ, आणि ताडपत्रीखाली जुन्या जीपचं इंजिन, गिअरबॉक्ससकट. गैरहजर: आमचं मांजर. ते गुरांच्या कोठ्यातून केव्हा निघून गेलं, याची कोणी दखल घेतली नव्हती. घ्यायला हवी होती.

महाशिवरात्रीच्या आत हे धूड आमच्या गाडीत बसवायचं होतं. मार्कंड्याच्या जत्रेत मी झुणका-भाकरीचं दुकान लावते. मागच्या वर्षी ऐन वेळी गाडीचं इंजिन बसलं, मीही घरी बसले, आणि नदीच्या वाटेवरची माझी जागा एका चहावाल्याने धरली. यंदाही गेले नाही तर ती त्याचीच झाली. जत्रेच्या दिवसांत भाड्याने गाडी मिळत नाही. सगळ्या गाड्या आधीच माणसांनी भरलेल्या असतात.

भंगारात निघालेल्या एका जीपचं हे इंजिन आम्ही काही वर्षांपूर्वी उचलून आणलं होतं. ते नीट ठेवायचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. नवरा म्हणाला होता, भोकांना प्लॅस्टिकची झाकणं आणू, वरून टेप मारू.

"घरी कापूस असल्यावर विकतचं कायले?" मी म्हटलं.

वेचणी संपल्यावर उरलेला फरदडीचा कापूस होता, सरकीसकट. एकेका भोकात मी तो ठासून भरला, ताडपत्री घातली, दोरी आवळली आणि कामांच्या यादीत त्यापुढे बरोबरची खूण केली. पुढे कित्येक दिवस आल्यागेल्याला ताडपत्री उचलून दाखवत होते.

मिस्त्री भाऊंनी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडलं, ते मुरू दिलं आणि पुढच्या पुलीला पाना लावला. इंजिन हललं नाही. त्यांनी जोर लावला. नवऱ्याने जोर लावला.

"जाम झालं वहिनी. गंज धरला. भंगारात द्या."

"गंज कसा धरन भाऊ? मी सगळे भोकं बुजवले होते."

"कायनं?"

"कापसानं," मी अभिमानाने सांगितलं.

नवरा पान्याला लांब नळी घालून आणखी जोर लावायला निघाला, तेवढ्यात दारात तुरी निवडत बसलेल्या सासूबाईंनी गिअरबॉक्सखालून काहीतरी उचललं.

"हे तं सरकीचं टरफल हाय. थांब रे, नको मोडू त्याले. अंदर उंदरानं घर केलं असन."

गिअरबॉक्स इंजिनापासून सुटा केला तर तसंच निघालं. मधल्या पोकळीत, फ्लायव्हीलच्या जड चाकाभोवती, कापूस आणि टरफलं गादीसारखी ठासून बसली होती. क्लचप्लेटला असा वास, की भाऊ दोन पावलं मागे सरले. मी उंदरांना अंथरूण दिलं होतं, आणि अंथरुणातच जेवणही.

"देवाच्या वातीले कापूस मागतला तं मोजून देते," सासूबाई म्हणाल्या, "अन् इंजनाले गाठोडंभर!"

नवरा तोंड फिरवून हसला. मी सांडशीने गादी उपसायला घेतली. सगळं निघाल्यावर भाऊंनी पुन्हा पाना लावला आणि चाक फिरलं, जड पण पूर्ण. क्लचप्लेट नवीन घ्यावी लागेल, गिअरबॉक्सची सीलं आणि ऑइल बदलावं लागेल. पण इंजिन जिवंत होतं. माझ्या डोक्यात लगेच भाकरीचे तवे मांडून झाले.

मग माझ्याच शिस्तीने मला गाठलं. एकेका भोकाचा बोळा काढून मी सुपात ठेवत होते, कुरतडलेले सुद्धा. हवा आत ओढायच्या तोंडाचा बोळा सुपात नव्हता. तोंडातही नव्हता; उंदरांनी तो आत ओढून नेला होता.

"चालू करून पाहू," नवरा म्हणाला. "निंगन आपोआप."

"तो निंगत नाई, अंदर सिलिंडरात जाते," भाऊ म्हणाले. "आधी मॅनिफोल्ड खोला लागते."

मॅनिफोल्डचे, म्हणजे हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांचे, बाकीचे बोल्ट सुटले, दोन हलेनात. त्यांवर तेल सोडून भाऊ कोरपन्याकडच्या दुसऱ्या कामाला गेले. सासूबाईंनी शेजारून एक मांजर मागून आणलं. ते इंजिनावर बसून अंग चाटतं.

रोज सकाळी मी त्या दोन बोल्टना पाना लावून पाहते. तवे घासून ठेवलेत, पीठ दळून आणलंय. बोळा अजून आतच आहे.