सांडवा नसलेला बांध

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. घराण्यातच आहे ते. पण त्या दिवसाचं खापर मी घराण्यावर फोडणार नाही.

देवगाव रंगारीच्या शिवारात माझं शेत वर, सख्ख्या चुलत्याचं खाली, आणि त्याच्या खाली शिवना नदी. दर पावसाळ्यात वरची काळी माती वाहून नदीत जायची. संभाजीनगरातली नोकरी सांभाळून मी सुट्टीला गावी यायचो. एका शिबिरात बांधबंदिस्ती शिकलो आणि जेसीबी लावून दोन शेतांच्या मध्ये छातीएवढा बांध घातला. जास्तीचं पाणी निघून जायला बांधाच्या कडेला सांडवा ठेवतात, हे मला माहीत होतं. मी ठेवला नाही. एक थेंबही सोडायचा नाही, असं डोक्यात बसलं होतं.

आमच्याकडे बांध कोरणं हा जुना रोग. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध आपल्याकडे ओढायचा. त्यापायी भावाभावांची डोकी फुटलेली आहेत. म्हणून त्या सकाळी चुलता कुदळीने बांधाची कड फोडताना दिसला, तेव्हा मी काही विचारलंच नाही. शिव्या देत धावलो.

"आरं, ऐक तर," एवढंच तो म्हणाला.

मी फावड्याचा दांडा घातला. त्याने उजवा हात आडवा धरला आणि मनगट काटकन मोडलं. तो खाली पडल्यावर मी पाठीत आणखी दोन घातले. साठी ओलांडलेला माणूस. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. लोकांनी त्याला कन्नडला दवाखान्यात नेलं. त्याने खोदलेली चर मी बुजवली, बाजूला रचलेले दगड लाथाडले.

चार दिवसांनी ढगफुटीसारखा पाऊस झाला. बांधाआड तळं साचलं आणि दुपारी बांध मधोमध फुटला. चुलत्याची अद्रक खाली उभी होती. पाण्याने वाफे उपटले, ठिबकच्या नळ्या आतड्यासारख्या ओढून नेल्या. दोन्ही शेतांची माती माझ्या डोळ्यांदेखत शिवनेत गेली. मी बोंबलत राहिलो.

तसाच चिखलाने माखलेला चुलत्याच्या घरी गेलो. तो प्लास्टर घालून ओसरीवर बसला होता.

"सांडवा काढत व्हतो म्या," तो म्हणाला. "दगड त्याच्यासाठीच आणले व्हते. दोनदा फोन केला तुला, तू उचलला नाय."

फोन आलेले मी पाहिले होते. जमिनीवरून कटकट करील म्हणून उचलले नव्हते. मी त्याचे पाय धरले. त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी ओसरीच्या पायरीवर आपटलो. ओठ फुटला.

"ह्यो हात अजून चालतोय," तो म्हणाला. "ऊठ. फावडं घे. सांडवा कुठं काढायचा ते दाखवतो."