गिझर ऐकणाऱ्या वन्सं

रोह्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी बादली भरायची वाट बघत होते. "मामी, आई गेली... झोपेतच." गिझरच्या छोट्या काचेमागे निळी ज्योत शांत हलत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले. मनात पहिलं काय आलं, तर आता हा बिघडला की कुणाला ऐकवू?

शैला वन्सं, माझ्या थोरल्या नणंदबाई, गॅसचे गिझर ऐकून दुरुस्त करायच्या. रोह्याच्या बाजारात त्यांचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दर वेळी पेणला येणं जमायचं नाही, म्हणून मी फोन गिझरजवळ धरायचा आणि नळ सोडायचा. त्याआधी ठरलेला प्रश्न, "खिडकी उघडी हाय ना गो?" बंद न्हाणीत गॅस जळला तर माणूस जातो, म्हणून नुसत्या होकाराने भागायचं नाही. खिडकीची गंजकी कडी करकरलेली ऐकू आली पाहिजे. मग त्या ऐकत राहायच्या, कुणी लांबचं भजन ऐकावं तशा... टकटकच नाही, तर सेल उतरले किंवा पाण्याला जोर नाही. टकटक आहे पण पेटत नाही, तर गॅस पोचत नाही. भप्पकन लागून विझला, तर ज्योत ओळखणारी पिन काजळली.

"डॉक्टरीणबाई, पेशंट जगेल ना?" मी चिडवायचे.

"तुझ्या-माझ्यापरीस जास्ती जगंल!"

मागून भावोजींचा खोकला ऐकू यायचा. कंपनीतून निवृत्त झालेले, घरातला बल्ब बदलायलाही बायकोला हाक मारणारे भावोजी तिथेच पेपर वाचत बसलेले असायचे.

वन्सं गेल्यावर काही आठवड्यांनी गिझर लागून विझायला लागला. हे म्हणाले, मेकॅनिक बोलाव. मी नाही म्हटलं. परका हात लागला की वन्संचं या घरातलं येणं-जाणं संपेल, अशी भीती वाटत होती. गार पाण्याने अंघोळ करत राहिले. मग एका दुपारी, तंद्रीतच म्हणा, बोटांनी त्यांचाच नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. मी फोन गिझरजवळ धरला आणि नळ सोडला. टकटक... भप्प... विझला.

मग भावोजींचा आवाज आला. "खिडकी उघडी हाय ना गो?"

"आहे, भावोजी."

"कडी नाय वाजली."

मी खिडकी लावून पुन्हा उघडली. कडी करकरली.

"पिन काजळली. गॅस बंद कर, सेल काढ, पॉलिश पेपरनं हळू पूस. ती अशीच सांगायची."

पुसली. सेल घातले, गॅस सोडला, नळ सोडला. ज्योत लागली आणि लागूनच राहिली. मी रडत म्हटलं, "लागला, भावोजी. ठेवते."

"ठेवू नको," ते म्हणाले. "भरू दे बादली. ऐकतो मी..."

बादली भरून वाहायला लागली, तरी मी नळ बंद केला नाही.