फळीवर आधी कोण झोपणार?

“मिस्त्री, ते कपाट गाडीतनं काढून टाका.”

मी जीपच्या मागच्या दारात गुडघ्यावर बसून बोल्ट आवळत होतो. वळून पाहिलं तर जीपवाल्या संदेशची आई, पारूकाकी. सत्तरी ओलांडलेली, काटक, हातात रिकामी पिशवी. डोंगरावरच्या वाडीवरून बाजाराला म्हणून उतरली होती आणि बाजार न करता थेट माझ्या शेडवर आली होती.

“कपाट नाही काकी, ड्रॉवर आहेत.”

“काय बी असू दे. उद्या कोन आजारी पडला तर त्याला काय खणात घालू?”

मला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं.

माझी बोर्ली पंचतनजवळ फॅब्रिकेशनची शेड आहे. म्हणजे लोखंड कापायचं, वेल्डिंगने जोडायचं, गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडी करायच्या. त्याआधी मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर घरी बसायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. कंबर गेली, कामं काही गेली नाहीत. त्यात हल्ली ज्याला त्याला मोबाइलवर बघून गाडीत काहीतरी करून घ्यायचं असतं. कोणाला टपावर तंबू, कोणाला मागे किचन. मी ‘होत नाही’ म्हणायला शिकलो असतो तर आज सुखात असतो.

संदेशची गरज मात्र खरी होती. त्याच्याकडे जुनी फोर-बाय-फोर जीप. फोर-बाय-फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे चिखलातही गाडी चढते. डोंगरावरच्या मोबाइल टॉवरची देखभाल करणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे त्याला गाडी लावायची होती. कॉन्ट्रॅक्टरची अट एकच. हत्यारं, बॅटऱ्या, वायरी, सगळं कुलपाच्या ड्रॉवरमध्ये पाहिजे. सोमवारी गाडी दाखवायची, नाहीतर काम दुसऱ्याला. भातशेतीवर घर चालत नव्हतं आणि दुसरं काम समोर नव्हतं.

त्याने आधी घरीच खटपट केली होती. मोडक्या टेबलाचे ड्रॉवर आणि कपाटाचे चॅनल आणून त्याने गाडीत बसवले. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांना चॅनल म्हणतात. कपाटातले चॅनल कपड्यांसाठी असतात, बॅटरीसाठी नाही. पहिल्याच चढाला दोन्ही ड्रॉवर उघडले आणि पान्यांचा डबा मागच्या काचेवर आदळला. मग स्वारी माझ्याकडे आली. मी स्क्वेअर पाइपची फ्रेम केली, मरीन प्लायचे खण केले, जड चॅनल लावले आणि चढावर आपोआप उघडू नयेत म्हणून लॅच. काम बरं झालं होतं. आणि आता ही म्हातारी.

“दादा, तिचं पन चुकत न्हाय,” शेजारी उभा संदेश मान खाली घालून म्हणाला. “वाडीत ॲम्ब्युलन्स येत न्हाय. पुलापत्तूर येते. पुढचा चढ आमचीच गाडी काढते.”

म्हणजे गेली कित्येक वर्षं वाडीतला जो कोणी आडवा पडेल तो याच जीपमध्ये. मधली सीट दुमडायची, खाली गोधडी टाकायची, माणूस झोपवायचा. संदेशचा बापही असाच खाली गेला होता. परत आला तेव्हा गोधडी डोक्यावरून घेतलेली होती. आता त्या गोधडीच्या जागेवर माझे ड्रॉवर बसले होते.

हे त्याने मला आधी सांगितलं असतं तर? पण गिऱ्हाईक आधी कधीच काही सांगत नाही.

मी म्हटलं, ड्रॉवरच्या वर एक फळी करू. तीही चॅनलवर. मागचं दार उघडायचं, फळी निम्मी बाहेर ओढायची, माणूस ठेवायचा, आत ढकलायची. एरवी ती नुसती ड्रॉवरवर पडून राहील. संदेशने घाबरत कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

“वर बेड? ओ मिस्त्री, गाडी टूलसाठी आहे, पेशंटसाठी नाही.”

“बेड नाही साहेब. ड्रॉवरचं झाकण आहे.”

“झाकण सहा फुटाचं?”

“ड्रॉवर लांब आहेत ना साहेब.”

“झाकण असेल तर चालेल,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

फळी तयार झाली. आता टेस्ट. कारखान्यात आम्ही क्रेनची लोड टेस्ट घ्यायचो. जेवढं वजन उचलायचं त्याच्यापेक्षा थोडं जास्त टाकून बघायचं, मगच क्रेन वापरायला द्यायची. गाडी वाडीवर नेली, कारण चढाचीही परीक्षा व्हायला हवी होती. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत सात-आठ माणसं जमली. फळी बाहेर ओढली. मी म्हटलं, “झोपा कोणीतरी.”

कोणी हललं नाही.

“अहो, दोन मिनिटं. वजन बघायचंय.”

एक जण म्हणाला, त्याची पाठ दुखते. दुसऱ्याला एकदम गाईची आठवण झाली. संदेश पुढे झाला तशी काकी कडाडली, “माझ्या डोल्यांदेखत फलीवर झोपतोस? जिता मानूस फलीवर झोपत न्हाय!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवी कोरी फळी, माणसाच्या लांबीची, खाली लोखंडी पाइप. त्यांना तिरडी दिसत होती. मी स्वतः झोपलो असतो, पण मग खाली वाकून चॅनलकडे कोण बघणार? वेल्डिंग मी मारलेलं होतं, कळणार मलाच होतं.

शेवटी भाताच्या गोण्या आणल्या. दोन गोण्या फळीच्या मधोमध ठेवल्या, आत ढकलल्या, बाहेर ओढल्या. लोण्यासारखी सरकली. तिसरी टाकली, तरी काही नाही. सगळे खूश. संदेशने तर नारळही आणला.

मी मात्र तिथेच उभा राहिलो. काहीतरी बरोबर वाटत नव्हतं. ऊन होतं, कंबर ठणकत होती, घरी जाऊन पडावं असं फार वाटत होतं. तरी म्हटलं, “गोणीने भागायचं नाही. माणूस लागेल. नाहीतर मी गाडी सोडत नाही.”

“दादा, सोमवारी दाखवायची हाय,” संदेश रडवेला झाला.

“मग झोप तू.”

काकीने माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. तिला दिसत होतं की हे असंच राहिलं तर सोमवार जाणार. पदर खोचून ती पुढे आली. “व्हा बाजूला. मी झोपते. माझी पाली तशी जवलच हाय, अपशकुन माझ्या नावावर लावा.”

“आये, नको!”

“गप रं.”

आणि ती झोपायच्या आधी, कोणीही माणूस करतो तसं, फळीच्या टोकावर बसली. सगळं वजन बाहेरच्या टोकावर आलं. कट्ट असा आवाज झाला, चॅनल वाकले, फळी उतरती झाली आणि काकी घसरून अलगद मातीत बसली. लागलं काही नाही. पण जमलेल्यांच्या चेहऱ्यावर एकच वाक्य होतं: ही फळी अपशकुनी.

गोणी मधोमध पडून राहते. माणूस आधी टोकावर बसतो. मग उचलून आणणारेही त्याच टोकावर गुडघे टेकतात. एवढी साधी गोष्ट. खरा पेशंट असता, त्या चढावर, फळी अर्धी बाहेर अडकलेली आणि दार लागत नाही, तर काय झालं असतं? काकीने माती झटकली आणि एवढंच विचारलं, “आता कललं का तुमाला?”

“कळलं.”

फळीच्या टोकाखालून मागच्या बंपरपर्यंत तिरका टेकू दिला, ओढली की आपोआप पडणारा आणि ढकलली की दुमडणारा. चॅनल बदलले. सोमवारी साहेबांनी गाडी पाहिली. ‘झाकणा’वर हात फिरवला, टेकूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. संदेशला काम मिळालं.

फळी मात्र तशीच राहिली. वाडीत कोणी तिच्याकडे बघायला तयार नव्हतं. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला तर त्याला झोळीतून पुलापर्यंत नेला, फळीवर नाही. संदेशने हे सांगितलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. एवढं करून शेवटी झाकणच झालं म्हणायचं.

ऐन आषाढात एका सकाळी जीप शेडसमोर थांबली. संदेशचा चेहरा पांढरा. पुढच्या सीटवर काकी, गोधडी गुंडाळलेली, ओठ निळसर, श्वास वरच्या वर.

“दादा, चला संगती. माझा एकट्याचा धीर व्हत न्हाय.”

मी मागे चढलो. फळी रिकामी. “अरे, आईला मागे झोपवायचं सोडून पुढे काय बसवलंस?”

“ऐकतच न्हाय.”

काकी एकेक शब्द तोडत बोलली. “मी त्या फलीवर... बसले व्हते. आता आजारी पडले. लोक बोलायलाच लागलेत. फलीवरनं गेले... आनि मेले... तर पुन्ना कोन झोपंल?”

मी तिच्या खांद्याला मागून हात लावून बसलो. मरायला टेकलेली बाई फळीचं नाव राखायला बसून चालली होती, आणि फळी मी केलेली होती. मला लाज नाही वाटली, भीती वाटली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया होता. “बसवून आणलंत ते बरं केलंत,” ते म्हणाले. “दम लागलेल्या पेशंटला आडवं करायचं नसतं.” मास्कच्या आतून काकीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

काही दिवसांनी तिला सोडलं. येताना जीप पुन्हा शेडवर थांबली. काकी स्वतः उतरली, गाडीला वळसा घालून मागे आली. “मिस्त्री, फली काढा. मी झोपून जानार.”

“आता दम लागत नाही ना?”

“न्हाय. म्हनून तर.”

“मग कशाला झोपता? बसा पुढे आरामात.”

“या गाडीतनं झोपून खाली जाताना मानसं समद्यांनी बघितलीत,” ती म्हणाली. “झोपून जितं वर येताना कुनी बघितलं न्हाय. बघू दे एकदा.”

मला वर जायचं काही कारण नव्हतं. शेडमध्ये गेटचं काम पडलं होतं. तरी गेलो. वाडी जवळ आली तशी काकीने मागचं दार उघडून बांधायला लावलं. बाया दारातून बाहेर आल्या. फळीवर आडवी काकी बघून एकीने तोंडावर हात घेतला, दुसरी रडायलाच लागली. संदेशने देवळासमोर गाडी थांबवली. फळी ओढली, टेकू पडला.

काकी उठून बसली. टोकावर, पाय खाली सोडून. सगळ्या वाडीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, “रडता काय? चा ठेवा कोनीतरी.”

सगळे तिच्याकडे बघत होते. मी चॅनलकडे बघत होतो. वाकला नाही.

त्यानंतर श्रावणात काकीच्या शेजारची सून बाळंतपणात अडली, ती फळीवर झोपून खाली गेली आणि बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसून वर आली. फळी आता वाडीची झाली आहे. साहेब अजून तिला झाकणच म्हणतात.

हल्ली असं काम आलं की मी गोण्या मागवत नाही. गिऱ्हाइकालाच टोकावर बसवतो. नाही बसला तर गाडी सोडत नाही.