कोरडा डोळा

तळोद्याच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा मी नवा डॉक्टर होतो आणि डोक्यात शिकलेल्याची मस्ती होती. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. बदली झालेले लोक त्याला शिक्षा म्हणत. मी म्हणत नसे. मला रोगी हवे होते, आणि ते इथे पोत्याने मिळत.

पावसाळा सरत आला होता. एक भिल्ल तरुण आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आला. त्यांच्या पाड्याचा म्हातारा कारभारीही सोबत होता. तो पायरीवरच थांबला, आत येईना. बाईने अर्धा चेहरा पदराआड धरला होता.

"डाक्टरसाहेब, हाई मन्ही बहीन शे," भाऊ म्हणाला. आमच्याशी बोलताना ही माणसे बाजारची अहिराणी बोलत. "इनं तोंड वाकडं व्हई गयं. इनी पोर तापमा मरनी, तवय इना एकच डोया रडना."

पुढचे त्याने पायरीवरच्या कारभाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगितले. बाईचा उजवा डोळा झोपेतही मिटत नाही, ती रात्रभर गावावर नजर ठेवते, पोर तिनेच खाल्ली, असे पाड्यात बोलू लागले होते. आता पंच तिच्या डोळ्यांत मिरची घालून पाहणार होते. पाणी आले तर ती खरी, कोरडी राहिली तर डाकीण. डाकीण ठरलेल्या बाईला ठेचून मारतात, नाहीतर पाड्याबाहेर काढतात. ते मला ठाऊक होते.

माझे टाळके फिरले. पण मी कारभाऱ्याला आत बोलावले, खुर्ची दिली आणि म्हणालो, "कारभारी, आज माझी परीक्षा बघा. मिरची नंतर."

मेंदूतून बारा मज्जातंतूंच्या जोड्या निघतात. त्या एकेक तपासायची मला सवय होती. बाईला कापराचा वास आला. माझ्या बोटामागे दोन्ही बुबुळे नीट फिरली. कापसाचा धागा उजव्या बुबुळाला लावला तेव्हा ती दचकली, डावी पापणी मिटली, उजवी तशीच उघडी. म्हणजे स्पर्श शाबूत होता, मिटणारी शक्ती गेली होती. कपाळाला आठ्या घाल म्हटले, तर आठ्या डाव्या बाजूलाच पडल्या. ते पाहून मला हायसे वाटले. मेंदूत बिघाड असता तर कपाळ वाचले असते. ही खराबी बाहेरची होती, कानामागून चेहऱ्यावर येणाऱ्या सातव्या तंतूची. जिभेच्या उजव्या बाजूला साखर आणि कडू कोयनेल दोन्ही सारखेच लागले. कानात पाहिले तर सुकलेल्या फोडांच्या खपल्या होत्या.

"कान दुखत होता का?"

"बहू," ती पहिल्यांदा बोलली.

कानात नागीण उठली होती. तिनेच तो तंतू मुळाशी जाळला होता, आणि डोळ्याच्या पाण्याची वाटही तिथूनच जाते. मी दोन्ही पापण्यांत टीपकागदाच्या पट्ट्या अडकवल्या आणि नवसागर-चुन्याची झोंबणारी बाटली नाकाखाली धरली. डावी पट्टी भिजून लोंबली. उजवी कोरडीठाक.

कारभाऱ्याने दोन्ही पट्ट्या हातात घेऊन बघितल्या. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता. भीती होती.

"पानी येई का परत?" त्याने विचारले.

"येईल. वेळ लागेल."

"मंग होळीलोंग थांबसूत. डोयामा पानी उनं ते आमनं काही म्हननं नही."

मी खूश झालो. डोळ्यासाठी तेल दिले आणि रात्री पट्टी बांधायला शिकवले. घरी जेवताना बायकोला सगळी हकीकत रंगवून सांगितली. आमची पोळ्या करणारी बाई ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती दवाखान्याच्या वाटेने आपली पोरे पाठवीना. डोंगरातल्या माणसांनाच नावे ठेवायची सोय उरली नाही.

होळी झाली आणि बहीणभाऊ आले. कारभारी नव्हता. बाईचे तोंड जवळजवळ सरळ झाले होते, डोळा मिटत होता. मी आनंदाने ओरडलोच.

"पानी उनं, साहेब," भाऊ खाली बघत म्हणाला. "पन जेवाले बठनी का येस. एरवी नही."

मी बायकोकडून भाकर मागवली. बाई भिंतीकडे तोंड करून बसली. मी वाकून पाहिले. पहिला घास चावताच उजव्या डोळ्यातून धार लागली, गालावरून हनुवटीपर्यंत. हे मी पुस्तकात वाचले होते. जळलेला तंतू पुन्हा वाढताना वाट चुकतो. तोंडाला लाळ सुटावी म्हणून निघालेला धागा अश्रूंच्या पिंडात जाऊन शिरतो.

भावाने घडले ते सांगितले. होळीच्या जेवणात सगळा पाडा पंगतीला बसला होता. हिने घास घेतला आणि तोच डोळा वाहू लागला. लोकांनी हातातले घास खाली ठेवले. पोरीच्या मरणाला जो रडला नाही तो खाताना रडतो, म्हणजे पोरीची चव आठवते, असे कोणीतरी म्हणाले. रात्रीच तिला पाड्याबाहेर काढले.

मी वाट चुकलेल्या तंतूची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. औषध आहे का, भावाने विचारले. नव्हते.

बाईने भिंतीकडचे तोंड वळवले. मग तिने मला विचारले, "हाई पानी पोरनं नही का?"

मी नाही म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि भाकर बाजूला सारली. पाड्याबाहेर काढल्यावरही ती एवढ्या एका गोष्टीवर जगत होती, की डोळा उशिरा का होईना पोरीसाठी रडतोय. मला त्या क्षणी माझ्या विद्येची शिसारी आली.

भावाने तिला उठवले. कुठे नेणार, मी विचारले. नंदुरबारच्या मिरचीच्या वखारीत, देठ खुडायच्या कामाला, तो म्हणाला.

"अरे, त्या मिरचीपासून वाचवायलाच आणली होतीस ना हिला?" मी चिडून ओरडलो.

"तठे समदास्ना डोया वाहतस, साहेब," तो म्हणाला. "हाई जेवता जेवता रडनी तरी कोन देखस?"